ॲपातला मालक

नाही होत सर, आज नाही होत — हाव, दुकान उघडं दिसून राह्यलं तुमाले, पण मी बंदच करून राह्यलो, हा पाहा शटर ओढाचा आकडा हातातच आहे. चार वाजाच्या आत निघायचं आहे मले इथून. उद्या या ना. उद्या सकाळी या, पहिलं काम तुमचं. — कामरगाववरून आले? गाडीच्या ॲपासाठीच? मंग बसा बाप्पा दोन मिनिटं, पाणी घ्या. पण काम उद्याच. फोन दाखवा फक्त. — अरे! हा कोणता म्हणायचा? भाच्यानं दिला, पुण्यावरून? अन् आतली सगळी सिस्टीम काढून दुसरी टाकली त्यानं, कोणत्या कंपनीनं आपल्यावर नजर ठेवू नये म्हणून — चांगलं केलं. लय चांगलं केलं. पण सर, मंग यात ते दुकानच राह्यलं नाही ना, जिथून गाडीचा ॲप उतरते. इलेक्ट्रिक गाडीवाले फोन ओळखतात दोनच प्रकारचे. तिसरा फोन घेऊन गेलं की शोरूमवाला असा पाह्यते, जसं आपुन बैलबंडी घेऊन आलो सर्व्हिसिंगले. ‘फोन बदला’, सांगतलंच असन तुमाले. मले माहीत आहे. ह्या तालुक्यात असे आडवळणी फोनवाले जेवढे आहेत, सगळे माह्याकडं येतात. बोर्डावर ‘नवीन मोबाईल’ वाचून लोकाइले वाटते इथं नवे मोबाईल भेटतात — नवीन माहं नाव आहे, मोबाईल सगळे जुनेच. ह्या डब्यात तं अशा कंपन्याइचे फोन आहेत ज्या कंपन्याच राह्यल्या नाहीत.

गाडी कुठं लावली? त्या लिंबाखाली? — थांबा. ती पांढरी? मागच्या काचेवर ‘जय जिनेंद्र’ खरवडलेलं आहे ती? सर, ती तं सेठजीची गाडी आहे. हुकूमचंद सेठ, मागच्या गल्लीतले, किराण्याचे ठोक व्यापारी. तुमी घेतली? कवा? — परवा. हं. नाही, विकून राह्यले हे मले माहीत होतं, कोणाले हे नव्हतं माहीत. मले वाटलं अकोल्याकडं जाईन. लांब जाईन. — नाही, तसं काही नाही, गाडी चांगली आहे, लय चांगली आहे. तुमच्या शाळेत तुमचीच पहिली असन. — शाळेवर आहा हे कसं ओळखलं? तुमी मघापासून माह्या बोर्डावरचं ‘रिपेरिंग’ वाचून राह्यले, अन् तुमचा हात खिशातल्या पेनाकडं जाऊन राह्यला.

काय म्हणलं? घरच्या मॅडमच्या फोनवर ॲप उतरवून पाह्यला? अन् काय लिहून आलं? — ‘या गाडीला आधीच मालक आहे.’ हाव. बरोबर. सेठजीले विचारलं असन तुमी, अन् सेठजी म्हणे नवीनले विचारा. बरोबरच आहे त्याइचं. तो मालक मी आहो, सर. हसू नका. कागदावर पह्यले सेठजी होते, आता तुमी; पण ॲपात, त्या गाडीच्या डोक्यात, ह्या घडीले मालक मी. नवीन मोहनसिंग राठोड, मोबाईल रिपेरिंग, कारंजा. माही सोताची गाडी मंजे एक जुनी मोपेड, तिले लाथ मारल्याशिवाय ती चालू होत नाही.

कसं झालं सांगतो. सेठजीजवळ एक जुना फोन आहे, मोठ्या मोठ्या चौकोनाइचा — तुमाले आठवत असन, मधात एक-दोन वर्ष आलते ते, मंग कंपनीनंच हात वर केले. त्यात आता काहीच चालत नाही. फोन लागते, मेसेज येते, बस. मी शंभर वेळा म्हटलं, सेठजी बदला. ते म्हणे, नाही. काहून नाही? तं त्या फोनात रिंगटोन आहे. गाणं नाही काही, काकूचा आवाज आहे. तारामतीकाकू, त्याइच्या मंडळी. कवातरी गमतीनं रेकॉर्ड केला असन — ‘अहो, उचला ना फोन! कवाचा वाजून राह्यला!’ अशी ठसक्यात. सेठजी दुकानात असोत, मंदिराच्या पायरीवर असोत, फोन आला की काकू बोलते अन् आजूबाजूचे सगळे हसतात. मी म्हटलं, सेठजी, तो आवाज मी दुसऱ्या फोनात टाकून देतो, पाच मिनिटाचं काम आहे. ते म्हणे, अन् गेला तं? म्हटलं, जात नाही. ते म्हणे, तू सांगतं ते खरंच असन बेटा, पण गेला तं? मले तवा समजलं नाही, बायको घरात धडधाकट असतानी तिचा आवाज एवढा जपून ठेवाची काय गरज.

मंग गाडी आली. अडुसष्टाव्या वर्षी गाडी शिकले ते, सर. यात गेअर नाही न काही नाही, म्हणून शिकले. अन् ॲप त्याइच्या फोनात काही केल्या उतरेना. मी दोन दिवस डोकं लावलं. शेवटी म्हटलं, सध्या माह्या फोनात टाकून ठेवतो. गाडीचा नंबर टाकला, ओटीपी सेठजीच्या फोनवर आला, त्याइनं वाचून दाखवला — चष्मा वर-खाली करत, एकेक आकडा — अन् ॲपनं विचारलं, मालकाचं नाव? माह्या फोनवर माहंच नाव आधीपासून भरलेलं होतं, मी पुढं पुढं दाबत गेलो. झालो मालक. दोन दिवसासाठी म्हटलं होतं. पण मंग तसंच पडून गेलं. सेठजी फोन करे — ‘नवीन, गाडी थंड कर.’ मी इथून बटन दाबलं की तिथं एसी चालू. ‘नवीन, कुलूप लागलं का पाह.’ लागलं सेठजी. ‘नवीन, किती टक्के?’ हातातलं काम सोडून मी टक्के सांगत होतो. ते लोकाइले सांगे, माहा ॲप लय इमानदार आहे, चहाबी पिते. — इमानदार म्हणे. ऐकून घ्या.

काय? आपोआप वाजते? कोण म्हणलं? — सेठजीनं सांगतलं? विकतानी? सर, विकता विकता असं कोणी सांगते काय? लोक बैल विकतानी त्याची खोड सांगत नाहीत. अन् ह्या माणसानं तुमाले घरात बसवून सांगतलं की बाबा ह्या गाडीत एक दोष आहे, एकदा उभ्या जागी आपोआप हॉर्न वाजला, घरी लेकरं असतीन तं इचार करून घ्या. असे आहेत ते. — नाही, तो सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता. झाला, गेला. पुन्हा नाही होणार. — मले कसं माहीत? मंजे — अपडेट आलं ना कंपनीचं. — आता कोणतं अपडेट ते कसं सांगू मी, येतच राह्यतात ते. — हे पाहा, तुमी उगाच — परत करसान? गाडी परत करसान सेठजीले? नका करू. मॅडमले भेव वाटून राह्यलं ते समजते मले, पण हात जोडतो सर, ती गाडी त्याइच्या दारात पुन्हा उभी नका करू. काहून नका, ते मी — गाडीत दोष नाही. एवढं घ्या माह्याकडून लिहून. गाडीत काहीच दोष नाही.

किती वाजले? सव्वातीन. बसा. हे स्टूल घ्या, ते हलते. सांगतो तुमाले, पण समोरच्या पानटपरीकडं पाहू नका, इंद्रभान पाहून राह्यला इकडं.

मालक झालं ना सर, की ॲप सगळं दाखवते. गाडी कुठं आहे, कवा निघाली, कुठं थांबली, काचा उघड्या की बंद. तुमच्या भाच्याले जे भेव आहे ना, कोणीतरी पाहून राह्यलं — तो कोणीतरी मी होतो. टिंग वाजे, गाडी सुटली. टिंग वाजे, गाडी थांबली. पह्यला महिना मी पाह्यलंबी नाही — खोटं काहून बोलू. पह्यल्या दिवसापासून पाह्यलं. जेवता जेवता पाह्यलं. सेठजीचं दुकान मंगळवारी बंद असते. दर मंगळवारी गाडी सकाळी निघे, मंगरूळपीरवरून आसेगावच्या रस्त्याले लागे, अन् आसेगावच्या अलीकडं एका वावराजवळ जाऊन थांबे. दोन तास. काचा बंद, एसी चालू. मंग माघारी. तिथं घर नाही, दुकान नाही, मंदिर नाही, नुसतं वावर अन् दोन-तीन चिंचा. आता अडुसष्ट वर्षाचा माणूस, काचा लावून, दोन तास, कोणाले न सांगता. तुमाले काय वाटलं असतं? — नाही, तुमाले नसतं वाटलं. मले वाटलं.

अन् मी इंद्रभानले सांगतलं. एकट्याले. टपरीवाल्याले एकट्याले सांगतलं मंजे काय झालं असन तुमी समजून घ्या. त्यानं त्याले नाव ठेवलं — चार्जिंग. ‘आज मंगळवार, सेठ चार्जिंगले गेले काय?’ हसून हसून पोट दुखे आमचं. दोन महिने तो शब्द चालला ह्या लाईनीत. सेठजी रस्त्यानं जातानी सगळ्याइले हात जोडून जय जिनेंद्र करे, अन् ते पुढं गेले की मागून कोणीतरी म्हणे, किती टक्के झालं हो? त्याइले वाटे, पोरं आपल्यावर खूश आहेत. तेबी हसे, वळून. अन् दुसऱ्या दिवशी मले फोन — ‘नवीन, गाडी थंड कर.’ मी करत होतो थंड. डोळा मारून करत होतो.

मे महिना होता. मंगळवार. ऊन असं की डांबर चपलीले चिकटून राह्यलं. आमी पाच-सहा जण टपरीच्या ताडपत्रीखाली. फोन मधात. गाडी उभी, एसी चालू, एक तास दहा मिनिटं झालेले. आता त्या ॲपात एक बटन आहे, गर्दीत गाडी सापडत नसन तं दाबायचं — गाडी जोरजोरानं हॉर्न वाजवते अन् लाईट मारते. तुमाले कामी येईन ते, यात्रेत-बित्रेत. तं इंद्रभान म्हणे, दाब, सेठचं चार्जिंग पुरं होऊ दे. अन् त्यानं दाबलं — मंजे फोन माह्याजवळ होता, पण तो म्हणे दाब, दाब, अन् कोणाचा तरी हात — नाही. नाही सर. इंद्रभानचे हात कातानं भरलेले होते, त्यानं फोनले बोटबी नाही लावलं. मी दाबलं. माह्या ह्या अंगठ्यानं. एकदा दाबलं, सगळे हसले. मंग म्हटलं एकानं काय होते, पुन्हा. मंग पुन्हा. तीन वेळा. पंचावन्न किलोमीटरवरून. आमाले थोडीच ऐकू येणार होतं काही, आमाले नुसतं लिहून आलं, ‘आदेश पूर्ण झाला’. आमी टाळ्या दिल्या एकमेकाइले.

पाणी आणू अजून? नको? मले पायजे थोडं.

त्याच दिवशी सायंकाळी सेठजी आले. ह्या स्टूलवर बसले, तुमी बसले तिथंच. पांढरा सदरा मातीनं भरलेला, एका पायातली चप्पल नाही, अन् त्याइले पत्ताच नाही की चप्पल नाही. म्हणे, ‘नवीन, बेटा, गाडी आपोआप वाजली. पाह बरं काय झालं तिले.’ अन् मंग बोलले. मले, सर. घराबाहेर कोणाले सांगतलं नव्हतं ते मले सांगतलं. काकूले दोन वर्षापासून भूल पडून राह्यली. पह्यले चाव्या, मंग नावं, मंग माणसं. अन् आवाजाचं भेव. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाते, मिक्सर लावला की रडते. नातीचं, रिंकूचं, लग्न जमवून राह्यले, सोयरे दहा गोष्टी विचारतात, म्हणून घरच्याइनं बाहेर सांगतलं गुडघे दुखतात. पह्यले ड्रायव्हरवाली डिझेलची गाडी होती, तं ती चालू केली की दार उघडून पळे. म्हणून ही गाडी घेतली, हिचा आवाज येत नाही म्हणून. त्या वावराले घेऊन जात होते ते काकूले. आसेगाव तिचं माहेर. वावर तिच्या वडिलाचं होतं, कवाच विकलं, पण चिंचा त्याच आहेत. तिथं गाडी उभी केली, काचा लावल्या, बाहेरचा ट्रॅक्टर-बिक्टर काही ऐकू येत नाही, थंडगार, की हळूहळू ती शांत होये. चिंचेकडं पाहे. अन् मंग म्हणे, ‘अहो, बाबाइनं यंदा तूर पेरली वाटते.’ अहो म्हणे, सर. सेठजीनं मले हात धरून सांगतलं, ‘हप्त्यात दोन तास ती मले ओळखत होती, नवीन.’

अन् त्या दोन तासात मी हॉर्न वाजवला.

ती दार उघडून पळाली. पायात काही नाही, कापसाच्या पऱ्हाटीचे खुंट तसेच होते वावरात, त्यातून पळाली. सेठजी मागं. बांधावरून पडली, मनगट मोडलं. ते उचलाले गेले तं त्याइले मारे, म्हणे, हा कोण माणूस आहे, वाचवा मले. वावरातल्या दोन बायाइनं धरून आणलं. तवापासून ती गाडी दिसली की कान झाकते. बसाची गोष्टच नाही. अन् अहो म्हणणंबी तवापासून बंद. चार महिने झाले.

अन् मी काय केलं? मी लॅपटॉप उघडला. गाडीले वायरबी नाही लावली अन् लॅपटॉप उघडून इकडची तिकडची बटनं दाबली, सेठजी पाहून राह्यले म्हणून. अन् म्हटलं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे सेठजी, कंपनीले कळवतो. तं ते म्हणे, ‘कळवू नोको बेटा. कोण्यातरी पोराची नोकरी जाईन.’ ऐकलं? कोण्यातरी पोराची. तो पोरगा समोर बसला होता त्याइच्या. मी मान हलवली. म्हटलं, बरं, नाही कळवत. जसं काही मीच मोठं मन करून राह्यलो. जातानी त्याइले माही चप्पल दिली. ती त्याइनं दुसऱ्या दिवशी धुऊन परत पाठवली.

तवापासून टपरीवर गेलो नाही. पान सोडलं. घरी आई म्हणते, नवीन सुधारला. इंद्रभानले मी सांगतलं काकूचं, त्याचं तोंड एवढंसं झालं, तोबी आता इकडं नुसता पाह्यते, बोलत नाही. चार्जिंग म्हणणंबी बंद झालं लाईनीत. काहून बंद झालं, हे सेठजीले माहीत नाही. चालू होतं हेच माहीत नाही.

आता तुमी म्हणसान, चार वाजाची घाई कशाची. आज क्षमावाणी आहे सर. जैन लोकाइचे पर्युषण झाले की हा एक दिवस येते. वर्षभर कोणाले काही बोललो असन, कोणाले दुखवलं असन, समजून का न समजून, त्याची क्षमा मागायची. घरच्याइले, दारच्याइले, नोकराइले, सगळ्याइले. आता लोक फोनवरच पाठवून देतात, एक कमळाचं फूल, खाली ‘उत्तम क्षमा’, दोनशे लोकाइले एका बटनात. पण सेठजीच्या फोनात ते चालत नाही ना. म्हणून ते पायी येतात. चार वाजता मंदिरातून निघतात अन् ह्या लाईनीत एकेका दुकानासमोर उभं राहून हात जोडतात. माहे वडील त्याइच्याकडं मापारी होते, पोते मोजत. बाबासमोरबी हात जोडे ते, दरवर्षी. बाबा असे चोरासारखे उभे राहे, अन् घरी येऊन आईले म्हणे, मालकानं आज पुन्हा मले हात जोडले वं, मले कसं तरी होते. बाबानं तं काही केलंबी नव्हतं.

तं आज ते इथं येतीन. अन् मले म्हणतीन — मले! — ‘नवीन, कळत-नकळत माह्याकडून तुह्या मनाले काही लागलं असन तं क्षमा कर.’ त्याच्यावर आपुन म्हणायचं असते, उत्तम क्षमा. मंजे केलं माफ, अन् मलेबी करा. कसं म्हणू? तोंडानं निघन काय माह्या? मी त्याइले माफ करू? अन् ते मले कशासाठी माफ करतीन, त्याइले माहीतच नाही तं? म्हणून म्हटलं शटर ओढून घ्यावं. बंद दुकानासमोर ते थांबत नाहीत. फार तं म्हणतीन, नवीन कुठं गेला आज.

हे पाहा, तुमाले दाखवतो. दारं, एसी, काचा, अन् हे — जुनं सगळं. मे महिना. ह्या तीन ओळी. एक वाजून सतरा, एक वाजून सतरा, एक वाजून अठरा. ‘हॉर्न. आदेश देणारा — मालक, नवीन राठोड.’ दुसरं कोणाचं नाव नाही, कंपनीचं नाही, सॉफ्टवेअरचं नाही. अन् खाली हे बटन, ‘मालकी सोडा’. ते दाबलं की विचारते, जुनं सगळं पुसल्या जाईन, नक्की काय? नक्की म्हटलं की झालं. तुमच्या मॅडमच्या फोनवर गाडी येऊन जाईन, अन् ह्या तीन ओळी कोणालेच दिसणार नाहीत. मलेबी नाही. चार महिन्यात किती वेळा अंगठा नेला असन इथपर्यंत. — काहून नाही दाबलं? मी इतक्या लोकाइले इतक्या वेळा सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर म्हटलं ना सर, की एखाद्या दिवशी मलेच खरं वाटते. वाटते, खरंच असन बा सॉफ्टवेअर. मंग हे उघडून पाह्यतो. हे पुसलं तं मी सोताले माफ करून टाकीन, दोन-चार महिन्यात. मले माहीत आहे मी कसा आहो.

काय म्हणता? — दाबून टाका म्हणता. तुमी कोणाले सांगणार नाही म्हणता. सांगून काकू थोडीच बरी होणार आहे, म्हातारपणी त्याइले कायले त्रास, अन् तुमचंबी काम होऊन जाईन. — चुकीचं नाही तुमचं. मीबी हेच म्हणतो मले, रोज. तुमाले लांब जायचं आहे, मॅडम वाट पाहत असतीन. पाच सेकंदाचं काम आहे. दाबू? — हे पाहा, विचारून राह्यला. ‘नक्की काय?’

थांबा.

ऐकलं? ‘अहो, उचला ना फोन’ — ऐकलं काय तुमी? काकू नाही ती. काकू घरी आहे, भिंतीकडं तोंड करून. तो फोन आहे. सेठजीले कोणीतरी फोन लावून राह्यलं. इथंच, शिंप्याच्या दुकानापाशी. आता ते फोन काढतीन, चष्मा लावतीन — पण चार कुठं झाले? वीस मिनिटं आहेत अजून! लवकर निघाले आज. शटरचा आकडा कुठं ठेवला मी? मघाशी हातातच होता. — तुमच्यापाशी आहे? द्या. — नाही, राहू द्या. ठेवा तिकडं कोपऱ्यात. आता ओढलं तं समोरून दिसन त्याइले, मी ओढून राह्यलो म्हणून.

सर, तुमी निघा. हा तुमचा फोन घ्या. उद्या या, नाही तं मीच येतो कामरगावले, तुमचं नाव चढवून देतो, शब्द आहे माहा. गाडी परत नका करू. पण आजच्या दिवस मालक मलेच राहू द्या. — नाही, त्या दारानं नाही, इकडून, ह्या बोळीतून निघा. जा.

या सेठजी. या ना, आत या. — हाव, गिऱ्हाईक होतं, गेलं. — नाही, नाही, हात नका जोडू. सेठजी, खाली करा हात. पाया पडतो तुमच्या, बोलू नका काही, आधी बसा. हे हलते, सांभाळून. चष्मा आहे ना? लावा. माहा फोन धरा. ही ओळ वाचा — बारीक आहे, थांबा, मोठी करतो. तारीख पाहा. हाव. तोच मंगळवार. आता वेळ वाचा. … अन् त्याच्यापुढं नाव लिहिलं आहे सेठजी. ते वाचा.